गाडीत तेल घाल

मी गाडी बोलतेय. आता मला गाडी म्हणायचं ते जुन्या सवयीनं. चाकं गेली, बॅटरी गेली, दिव्यांच्या जागी दोन भोकं उरलीत. रेवदंड्याच्या कोळीवाड्यात, बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर, उंडीच्या झाडाखाली चार दगडांवर मी उभी आहे. मागच्या हौद्यात फाटकी जाळी पडलेली असतात. पावसाळ्याआधी कोणी कोणी माझ्या टपावर बोंबील वाळत टाकतात. उद्या पेणचा भंगारवाला येणार आहे, म्हणून आज बोलून घेते.

फार काही वाटतंय अशातला भाग नाही. पत्र्याला किती वाटणार? पण एक गोष्ट सात वर्षं माझ्या पोटात होती, ती आज दुपारी बाहेर आली. तेवढी सांगते आणि गप्प बसते.

माझा जन्म कुठल्या तरी परदेशी कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. बोटीतून आले, लढाईच्या कामाला लागले, आणि लढाई संपल्यावर कल्याणजवळच्या एका मैदानात माझ्यासारख्या शेकडो गाड्यांच्या रांगेत उभी राहिले. सत्तेचाळीस साली, झेंडा बदलला त्याच्या पुढच्या महिन्यात, अंबाजी तांडेलांनी मला तिथून आणलं. पुढे दोघांपुरती बसायची जागा, मागे उघडा हौदा. मासळीच्या पाट्या ठेवायला बरी, एवढंच त्यांनी पाहिलं.

घरी आल्यावर माझा खाकी रंग होडीच्या उरलेल्या निळ्या रंगाखाली गेला. अंबाजींच्या आईनं, येसूबाईनं, माझ्या नाकावर नारळ फोडला आणि मला न्याहाळून म्हणाली, "नाक चपटं हाय. पन घरात आयली ती आपली." तेव्हापासून त्या घरात मला दुसरं नाव नव्हतं. गाडी म्हणजे मी. पाड्यात दुसरी गाडीच नव्हती, मग नाव कशाला लागतं?

मला चालवायला शिकला तो अंबाजींचा धाकटा भाऊ हरेश्वर. अंबाजी समुद्रावरचे, हरेश्वर रस्त्यावरचा. पहाटे होडी लागली की पाट्या माझ्यात चढायच्या, पाट्यांवर येसूबाई आणि चार बायका, आणि आम्ही चौल, नागाव, आक्षी करत अलिबागला. बायकांचं बोलणं वाटभर संपायचं नाही. कोणाची सून किती मीठ घालते ते मला सगळं माहीत असे.

मी पेट्रोलवर चालायचे. पण त्या घरात पेट्रोल कोणी म्हणत नसे. तेल म्हणत. होडीच्या फळ्यांना लावतात ते मुशी माशाचं तेल, दिव्यात घालतात ते रॉकेलचं तेल, आणि माझ्या टाकीत जातं तेही तेलच. ज्याच्या त्याच्या जागेवरून कळायचं, कोणतं ते. पुढे होडीला मशीन बसलं, अंगणात डिझेलची पिंपं आली, तेव्हा तेही तेलच झालं. नवी वस्तू घरात आली, नवा शब्द काही आला नाही.

पंचावन्न साली हरेश्वरचं लग्न झालं. केसर बोर्लीकडची, सात यत्ता शिकलेली. पहिल्यांदा आली ती माझ्याच पुढच्या सीटवर बसून. दोन वर्षांनी मुलगी झाली, गोदू. केसर जरा भित्रीच आई होती. पोर झोपलं तरी नाकासमोर बोट धरून बघायची. झबल्याला होडीचं डांबर लागलं की माझ्या टाकीतून चिंधीला थोडं पेट्रोल घेई. डाग पुसून फुंकर मारली की ते उडून जाई, हातालासुद्धा वास राहत नसे. होडीवरून आलेले कपडे मात्र तिला नको व्हायचे. डिझेलचा वास तीन वेळा साबण लावला तरी जात नाही, मग त्या हातानं पोरीला पाजायचं कसं, हे ती आपल्याशीच बोलायची.

गोदू दहा महिन्यांची असताना तिला ताप चढला आणि आकडी आली. डोळे वर गेले, मुठी आवळल्या. हरेश्वरनं हँडल मारलं, पहिल्याच फेऱ्याला मी चालू झाले. पाऊण तासाच्या आत आम्ही अलिबागच्या सरकारी दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी सुई दिली, पोर शांत झाली. त्यांनी केसरला बजावून सांगितलं, ताप आला की हिला पुन्हा असं होईल. घाबरायचं नाही, पण वेळ घालवायचा नाही. आकडी लांबली तर मेंदूला इजा होते.

घरापाशी केसर उतरली, पोरगी खांद्यावर होती, आणि मोकळ्या हातानं माझं बॉनेट थोपटलं. म्हशीला थोपटतात तसं. त्या दिवसापासून मी कुठे उभी आहे ते तिला सतत कळायला हवं असायचं. हरेश्वर मला घेऊन उशिरा आला तर ती वाटेवर उभी असायची. तो म्हणायचा, "माझी वाट बगतेस का गाडीची?" ती म्हणायची, "गाडीची."

यात खोटं काही नव्हतं.

अठ्ठावन्नच्या दिवाळीनंतर घरात डिझेलच्या गाडीचा विषय निघाला. हरेश्वरला अलिबागेत नवं काम मिळालं होतं. खानावळी, दोन हॉटेलं आणि आळीआळीतली ठरलेली घरं, असं मिळून वीसेक ठिकाणी मासळी आणि बर्फ पोचवायचा. मी जुनी झाले होते, पेट्रोलही फार प्यायचे. अंबाजींचं म्हणणं सरळ होतं. होडी डिझेलवर, गाडीही डिझेलवर. एकच पिंप, एकच तेल.

पेणच्या एका व्यापाऱ्यानं त्याची गाडी आठ दिवस वापरून बघायला दिली. माझ्याच जातीची, मागे हौदा, पण पेट्रोलचं मशीन काढून डिझेलचं बसवलेलं. अंगणात ती माझ्या शेजारी उभी राहिली. पाड्यातले लोक तिला 'डिझेल' म्हणायचे. केसर तिला 'पाहुणी' म्हणायची.

आठ दिवस हरेश्वर तिला घेऊन अलिबागला जायचा आणि संध्याकाळी अंगणात त्यावर बोलणं व्हायचं. मी शेजारीच असल्यामुळे सगळं ऐकायचे. त्याचं म्हणणं असं, की शहरात गाडी चालवणं म्हणजे चालवणं नव्हेच, थांबवणं. दहा पावलं गेलं की थांबा, पाटी उतरवा, पुन्हा निघा. समोर टांगा येतो, सायकल येते, गाय बसलेली असते. पेट्रोलची गाडी बंद केली आणि चालू केली, काही त्रास नाही. डिझेल एकदा बंद केलं की थंडीच्या सकाळी अर्धा तास उठत नाही. म्हणून ते बंदच करायचं नाही, दारात तसंच धडधडत ठेवायचं. मग खिडक्यांची तावदानं वाजतात. ब्राह्मणआळीत एका आजीबाईंचे पापड वाळत होते, त्यावर धुराची काजळी बसली. त्यांनी हरेश्वरला ओट्यावर बसवून एकेक पापड पुसायला लावला. येसूबाईचं तर वेगळंच. ती म्हणाली, "तिच्यात बसून गेले, ते उतरल्यावर पन अर्धा घंटा हालतच व्हते. गिऱ्हाईक विचारतं, मावशी ताप हाय का?"

पण खोटं कशाला बोलू? पाहुणीचे गुणही होते. माझ्या निम्म्या तेलात ती जायची. भरला हौदा घेऊन चढावर कुरकुर करायची नाही. पावसात माझ्या वायरी ओल्या झाल्या की मी रुसायचे, तिला तो रोग नव्हता. लांबच्या वाटेला, पेण-पनवेलला, तीच बरी. शहराच्या गल्लीत मी बरी. हरेश्वर हेच दोन्ही बाजूंनी सांगायचा आणि शेवटी गप्प बसायचा. मोठ्या भावासमोर त्याचं बोलणं असंच अर्ध्यावर राहायचं.

थोरल्या दिराशी केसर समोरून बोलत नसे, तशी चालच नव्हती. काही सांगायचं तर सासूला सांगायचं, दिरानं ते ऐकायचं. सातव्या दिवशी ती मासे साफ करता करता येसूबाईला म्हणाली, "आये, त्यांना सांगा, पेट्रोलची ठेवा. ती हाकेला ओ देते. ताप काय आगोदर सांगून येतो?"

अंबाजी खाटेवर बसून जाळं विणत होते. तेही आईलाच म्हणाले, "तिला सांग, होरी रोज ढकलतो, तशी गाडी ढकलू. हात हायेत घरात."

"हात सगळे समुद्रावर असले तर?" केसर येसूबाईला म्हणाली.

येसूबाई दोघांच्या मध्ये बसली होती. ती म्हणाली, "मी काय टपालपेटी हाय का?" सगळे हसले. केसर हसली नाही. अंबाजी म्हणाले, सोमवारी बघू. पण मग हरेश्वरला म्हणाले, "मनात धरून ठेव. आता गाडी डिझेलची करायची." हे वाक्य त्या आठवड्यात ते अनेकदा म्हणाले होते.

ते धर्मानंही ऐकलं होतं. धर्मा होडीवरचं मशीन सांभाळायचा. चाळिशीचा, इमानी माणूस. सगळा जन्म शिडावर गेला, मशीनशी ओळख दीड वर्षाची. त्याला एकच मशीन ठाऊक होतं आणि एकच तेल.

आठव्या दिवशी पहाटे होडी निघायच्या गडबडीत अंबाजी वाटेवरून ओरडले, "धर्मा, गाडीत तेल घाल आणि मग ये. आज अलिबागला न्यायची हाय."

त्यांच्या मनात पाहुणी होती. पण त्या घरात गाडी म्हणजे मी. अकरा वर्षं मीच. आणि गाडी डिझेलची करायची, हे तर आठ दिवस सगळे बोलतच होते. धर्मानं पिंपातून डबा भरला, माझं झाकण उघडलं आणि डबा ओतला. माझ्यात पेट्रोल तळाशी थोडंसंच होतं. दुसरा डबा ओतला. झाकण लावलं, हात धोतराला पुसले आणि तो होडीकडे धावला.

मला गार वाटलं, एवढंच आठवतं.

सूर्य उगवून थोडा वर आला होता. केसर धावत बाहेर आली, गोदू तिच्या हातात ताठ झालेली. हरेश्वर पाहुणीकडे वळला होता, कारण तिच्यात पाट्या आधीच चढवल्या होत्या. केसर म्हणाली, "ती नको. आपली काढा. आपली लगेच उठते."

मी उठले. नळीत होतं तेवढं चांगलं पेट्रोल होतं, पहिल्या फेऱ्याला उठले. केसरनं आत बसताना माझ्या दाराला हात लावला. कोळीवाडा सोडला, बाजार सोडला. चौलच्या वाड्यांमधून जाताना माझ्या पोटात काहीतरी जड उतरायला लागलं. मी खोकले. मागे पांढरा धूर निघाला. हरेश्वरनं गियर बदलला, पुन्हा बदलला. मी जायचा प्रयत्न केला, असं म्हणता येईल. गाडी प्रयत्न करते का, मला ठाऊक नाही. नागावच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना सुपारीच्या वाड्यांचे दगडी गडगे असलेल्या अरुंद रस्त्यात, मी थांबले.

हरेश्वरनं हँडल मारलं. पुन्हा मारलं. बावीस वेळा मारलं. केसर आत बसून मोजत होती, तोंडातल्या तोंडात. मग ती उतरली आणि पोरीला घेऊन चालायला लागली. मागे वळून बघितलं नाही. पुढे एका आगऱ्याच्या बैलगाडीत पेंढा चालला होता, त्यानं तिला वर घेतलं असं नंतर कळलं. हरेश्वर मला तिथेच टाकून तिच्यामागे पळाला.

सुई मिळाली, पण वेळ गेला होता. गोदू जगली. सोळा दिवसांनी घरी आली. डावा हात तसाच आखडलेला राहिला, आणि बोलायला लागली ती पाच वर्षांची झाल्यावर.

मला दुसऱ्या दिवशी बैल लावून ओढत आणलं. अंबाजींनी धर्माला बघायला सांगितलं. त्यानं टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि तसाच बसून राहिला. हरेश्वर दवाखान्यातून भाकरी न्यायला आला होता, तोही वाकला, त्यानंही वास घेतला.

"तुमी म्हनालात गाडीत तेल घाल," धर्मा म्हणाला. "मी गाडीत घातलं."

अंबाजी समुद्राकडे बघत होते. तांडेलाचा, म्हणजे होडीच्या म्होरक्याचा, शब्द होडीवर कोणी उलटवत नाही. तांडेलानं चुकीचं सांगितलं असं एकदा खलाशी म्हणायला लागले की ती होडी कोणाची राहत नाही. हे त्या तिघांनाही कळत होतं. मग अंबाजी म्हणाले, "झालं ते झालं. पोर जगली. आता घरात सांगून काय मिलनार? झाकन लाव."

हरेश्वरनं झाकण लावलं. त्यानंच लावलं.

घरात सांगितलं की गाडी जुनी झाली होती, मशीन बंद पडलं. मग उरलेलं लोकांनी जोडलं. पेट्रोलची धरून बसली होती केसर. हिचंच ऐकलं म्हणून असं झालं. डिझेल असतं तर उशिरा निघालं असतं, पण पोचलं असतं. कोणी ते तिच्या तोंडावर म्हणालं नाही. तोंडावर म्हणायची गरजही नव्हती, कारण केसर स्वतःच तसं म्हणायची. गोदूच्या डाव्या हाताला तेल चोळताना, भाकरी थापताना, कुठेही. "मीच बोलले आपली काढा." दुसरं वाक्य नाही. रडायची नाही. हरेश्वर ते ऐकत बसायचा आणि मग उठून बाहेर जायचा.

पाहुणी घरात राहिली. तिला नाव मिळालं, गाडी. मला उंडीखाली नेऊन ठेवलं. धर्मा माझ्याजवळून जाताना वाट बदलायचा. हरेश्वरही. माणसं ज्याचं काही देणं लागतात त्याच्याकडे बघत नाहीत, हे मी या सात वर्षांत शिकले.

केसर माझ्याजवळ यायची ती फक्त गोदूला न्यायला. गोदूला माझ्यात बसायला आवडतं. स्टिअरिंगच्या चाकावर उजवा हात, डावा मांडीवर. तोंडानं आवाज काढते, थांबते, पुन्हा निघते. शहरातल्यासारखी चालवते. केसर दाराशी उभी राहून तिला उतरवायची, पण मला हात लागणार नाही असं जपून. सात वर्षांत एकदाही लागला नाही.

आज दुपारी धर्मा पाने-पकड घेऊन आला. भंगारवाल्यासाठी टाकी वेगळी काढून ठेव, असं अंबाजींनी सांगितलं होतं. त्याला वाटलं असेल, इतक्या वर्षांत आत काय राहणार? खाली झोपून त्यानं नट सोडवले. गोदू आत बसलेली होती, म्हणून केसर तिला उतरवायला आली. तिनं तिला खाली ठेवलं तेवढ्यात शेवटचा नट सुटला आणि टाकी एका बाजूला कलली. धर्माच्या छातीवर पडणार म्हणून केसरनं पटकन दोन्ही हात लावले.

टाकीच्या गंजलेल्या झाकणाखालून तेल आलं. थोडंसंच. तिच्या मनगटांवरून कोपरापर्यंत गेलं.

दोघांनी मिळून टाकी खाली ठेवली. केसर हात पुसायला गेली आणि थांबली. हात उन्हात धरले. पेट्रोल असतं तर उडून गेलं असतं. हे उडेना. तिनं बोटं नाकाजवळ नेली. होडीला मशीन बसल्यापासून तिथले कपडे तीच धुतेय.

"यात होरीचं तेल कुनी घातलं?" ती म्हणाली.

धर्मा जमिनीवर बसलेला होता. त्यानं पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "मना सांगितलं, गाडीत तेल घाल. मी गाडीत घातलं."

"त्याच दिशी?"

त्यानं मान हलवली.

कोणी सांगितलं, ते तिनं विचारलं नाही. धर्माला तेल घाल असं सांगणारा माणूस एकच. तिनं विचारलं, "यांना माहीत व्हतं?"

घराच्या ओटीवर हरेश्वर पाठमोरा बसून दोरी वळत होता. धर्मानं तिकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली. तेवढं पुरे होतं.

मला वाटलं, आता ती ओरडेल. ती ओरडली नाही. रडलीही नाही. रडणं तिच्यातून कधीच निघून गेलंय, जसं माझ्यातून मशीन. तिनं गोदूला पुन्हा उचललं आणि माझ्या सीटवर बसवलं. म्हणाली, "बस. खेल अजून." मग पुढे येऊन तिनं दोन्ही तळवे माझ्या बॉनेटवर ठेवले. तेल लागलेले, तसेच. थोपटलं नाही. नुसते ठेवले.

"हिनं ओ दिली व्हती," ती म्हणाली. धर्माला नाही, मला नाही. कोणालाच नाही.

आणि हात न धुता ती घराकडे चालत गेली. ओटीवर हरेश्वरनं मान वर केली. तिनं त्याच्यासमोर उभं राहून हात पुढे धरले, वास घ्यायला. पुढचं मला दिसलं नाही, मध्ये जाळी वाळत होती. फक्त दोरी वळायचा आवाज थांबला तो कळला.

माझं एवढंच. शहरात पेट्रोलची बरी की डिझेलची, हे लोक अजून ओट्याओट्यावर बोलतात. बोलू द्या, दोन्हींत गुण आहेत, मी सांगितलेच. माझं मागणं वेगळंच आहे. घरात जेवढी तेलं असतील तेवढी नावं ठेवा. आणि चुकीचं तेल गेलं तर झाकण लावू नका.

उद्या भंगारवाला येईल, मला कापून नेईल. गोदू अजून चाक फिरवतेय, एका हातानं. थांबते, निघते, थांबते. माझ्या बॉनेटवर तिच्या आईच्या दोन हातांचे ठसे आहेत. उन्हं कलली तरी तसेच आहेत. ते पेट्रोल नाही, उडून जाणार नाहीत.